उघडिपीचे पाच तास: घाटमाथ्यावरच्या घरातलं भाद्रपद-आश्विनाचं काम

प्रश्न थोडक्यात असा: जावळी तालुक्यात, बामणोलीच्या वरच्या अंगाला वडिलोपार्जित घर आहे. १० गुंठे हळवं (लवकर पिकणारं) भात, २० गुंठे नाचणी, परसात घेवडा आणि भोपळा, गोठ्यात दोन गाई आणि एक म्हैस. गणपती झाले की दिवाळीपर्यंत घरचीच दोन-तीन माणसं राहून सगळं निभावणार. दिवस कसा आखायचा, आधी काय करायचं, आणि चुकतं कुठे?

तुम्हाला माणसं कमी पडतील असं वाटतंय. पण या दिवसांत खरी टंचाई उन्हाची असते. पीक तयार होतं आणि पाऊस अजून गेलेला नसतो. उत्तरा नक्षत्र १३ सप्टेंबरच्या सुमारास लागतं, हस्त २७ च्या आसपास, चित्रा १० ऑक्टोबरच्या पुढेमागे. मान्सून आपल्या भागातून माघारी जातो तो साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर रोजचं गणित एकच. सकाळी साडेनऊ-दहापर्यंत सगळं दवानं भिजलेलं. मग अडीच-तीनपर्यंत कडक ऊन. तीननंतर कोयनेच्या खोऱ्यावर ढग चढतात, गडगडतं, आणि कधी कधी अर्ध्या तासात खळ्यावरून पाणी वाहतं. म्हणजे हातात पाचच तास. नाचणी, भात, वैरण, बी-बियाणं, घराची जमीन हे सगळं त्याच पाच तासांत वाळायचं असतं. हे एकदा ध्यानात आलं की कुठलं काम कधी, हे आपोआप ठरतं.

दवाची वेळ फुकट घालवू नका. धारा आणि शेणघाण उरकल्यावर साडेसहा ते दहा या वेळात अशी कामं घ्यायची ज्यांना ओल लागते किंवा चालते. पहिलं काम घेवड्याचं. शेंगा पिवळ्या पडून चामट झाल्या की वेल दव असतानाच उपटायचे. दुपारी उपटलेत तर शेंगा तडतडून फुटतात आणि निम्मा दाणा गवतात जातो. दुसरं काम गवत कापायचं. ओलं पातं विळ्याला सरळ कापलं जातं आणि दहाला ऊन आलं की लगेच वाळायला पसरलेलं असतं. तिसरं काम खाचराच्या बांधांवर एक फेरी. खेकड्यांची बिळं मातीचे गोळे आणि दगड ठोकून बुजवा. दाणा भरत असताना एका बिळातून रात्रीत खाचर रिकामं होतं. गुरं मात्र दव उतरल्याशिवाय सोडू नका, त्याचं कारण पुढे येतंच.

नाचणीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं. नाचणी एकदम पिकत नाही. आधी मुख्य ताटाची कणसं तपकिरी होतात, फुटव्यांची आठ-दहा दिवस मागे असतात. सगळं एकदम कापायचा मोह होतो आणि मग हिरवी कणसं पक्क्यांत मिसळून ढीग गरम होतो. दोन खुडण्या करा. कणीस तयार झालं का, हे तळहातावर चोळून पाहा. दाणा सुटा झाला, फुंकर मारल्यावर भूस उडून तपकिरी दाणा उरला, तर ते तयार. दाणा चेपला जात असेल किंवा दुधट असेल तर थांबा. खुडताना देठ दोन-तीन बोटंच ठेवा. लांब देठात पाणी राहतं.

खुडलेली कणसं ओली असताना पोत्यात भरू नका. ही चूक सर्रास होते. संध्याकाळी पाऊस आला म्हणून घाईनं पोती भरतात, ओटीवर एकावर एक रचतात, आणि दोन दिवसांनी उघडली तर आतून वाफ येते, आंबूस वास येतो, दाण्याला कोंब दिसतो. असा दाणा भाकरीला कडवट लागतो आणि बियाण्याला बाद होतो. पावसाची सावली दिसली तर कणसं माळ्यावर किंवा ओटीवर वीतभरापेक्षा कमी थरात पसरा आणि दिवसातून दोनदा खालवर करा. चुलीवरचा माळा यासाठी उत्तम, धुराचा फायदाच होतो. तीन-चार चांगली उन्हं मिळाली की काठीनं झोडा. झोडताना दाणा चटचट निघत नसेल तर कणीस अजून ओलं आहे. जोर लावू नका, आणखी एक ऊन द्या.

बियाण्याची कणसं मळणीच्या ढिगातून निवडू नका. शेतात उभं पीक असतानाच बांधाकडची दोन-तीन हात जागा सोडून मधल्या भागातली, भरदार, एकाच उंचीच्या ताटांची कणसं खुडून वेगळी बांधा. २० गुंठ्यांच्या लावणीला किलोभर बी पुरतं. तेवढ्यासाठी दोन-अडीचशे कणसं लागतात. त्यांच्या जुड्या करून चुलीच्या वर टांगल्या की जूनपर्यंत बघायला नको. नाचणीच्या दाण्याला किडा सहसा लागत नाही. नीट वाळलेली असेल तर ती वर्षानुवर्षं टिकते. न टिकण्याचं कारण बहुतेक वेळा ओलच असते.

हळवं भात नाचणीच्या आधी किंवा सोबतच येतं. लोंबीतले शंभरातले ८५ ते ९० दाणे पिवळे झाले आणि बुडाचे थोडे हिरवट असले की कापायचं. सगळे पिवळे व्हायची वाट पाहिली तर दाणा गळतो आणि गिरणीत तुकडा जास्त पडतो. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी खाचराचं पाणी तोडा. चिखलात उभं राहून कापलेलं भात वाळवायला जागाच उरत नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी ‘वैभव’ विळा मिळाला तर घ्या. त्यानं अगदी जमिनीलगत कापता येतं आणि हिसका बसत नाही म्हणून दाणा कमी झडतो. जमिनीलगत कापायचं दुसरं कारण खोडकिडा. त्याची अळी बुडख्यात राहते आणि पुढच्या हंगामात परत येते. पण इथे एक अडचण आहे. आखूड बुडखे ठेवले तर कापलेल्या भाताला टेकायला काही राहत नाही, ते ओल्या जमिनीवर पडतं. अशा वेळी कापलेले कवळे (मुठी-मुठीच्या पेंढ्या) खाचरात न ठेवता बांधावर लोंब्या उताराच्या वरच्या बाजूला करून ठेवा. वेळ जातो, पण घाटमाथ्यावर तोच मार्ग बरा.

आडवं पडलेलं भात असेल तर त्याचा नंबर पहिला. हळव्या जातींचा दाणा फार काळ सुप्त राहत नाही. लोंबी चिखलाला टेकून तीन-चार दिवस भिजली की शेतातच कोंब येतात. झोडणी कापणीनंतर एक-दोन उन्हं देऊन करा. झोडलेलं भात बोटभर-दोन बोटं जाडीनं पसरा आणि तासातासाला पायानं ओढून उलटा. एका दिवसात कडकडीत वाळवायला काळ्या प्लास्टिकवर टाकतात, ते टाळा. वरून दाणा तापून आतून चिरतो, खालून घाम धरतो. तीन दिवस थोडं थोडं वाळवलेलं भात दाताखाली ‘कट’ असं तुटलं की कणगीत भरायला हरकत नाही. मऊ दबलं तर अजून ओल आहे.

आता खळं. नाचणी शेतात उभी आहे आणि खळं तयार नाही, ही दरवर्षीची रड. पाऊस थोडा उघडला की आठवडाभर आधी जागा खुरपून गवत मुळासकट काढा, पाणी शिंपडून माती मऊ करा, मुरूम-माती टाकून धुमसानं (जमीन ठोकायच्या जड ठोकळ्यानं) चोपा. एक दिवस वाळू द्या, भेगा पडतील त्यात शेण-मातीचा पातळ काला भरा, मग शेणाचे दोन हात, एकेक दिवसाच्या अंतरानं. हे चार-पाच दिवसांचं काम आहे आणि ओल्या हवेत होत नाही. जमत नसेल तर सरळ जाड ताडपत्री घ्या. त्यात कमीपणा नाही. फक्त तिच्याखाली पेंढ्याचा पातळ थर टाका, नाहीतर जमिनीची ओल वर येते.

घरातली जमीनही याच वेळेला हाक मारते. पावसाळाभर सारवण पोपडे धरतं, भिंतीच्या कडेला बुरशी येते, पिसवा होतात. घटस्थापनेच्या आधी सारवायची रीत आहे आणि ती हवामानाच्या दृष्टीनंही बरोबर आहे. पण बाहेर झड लागलेली असताना सारवू नका. शेण वाळायला दोन दिवस घेतं आणि वास धरतं. आधी पोपडे खरवडा, खड्ड्यांत रात्रभर भिजवलेली माती आणि भाताचं भूस मिसळून भरा, ते वाळल्यावर मग ताज्या शेणाचा हात द्या. सकाळी अकराला सारवलं तर चारपर्यंत पाय ठेवता येतो.

वैरणीचं गणित मात्र कागदावर मांडा. नवखी माणसं इथेच फसतात, कारण सप्टेंबरात डोंगरभर गवत पाहून वर्षभराची काळजी मिटली असं वाटतं. ३०० किलोच्या गाईला दिवसाला साधारण ८ किलो वाळली वैरण लागते, ४०० किलोच्या म्हशीला ११ किलो. तिघींची मिळून २७ किलो. डोंगरावर चरायला मिळतं ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत धरा. तिथून जूनच्या मध्यापर्यंत १८० दिवस. म्हणजे ४,८६० किलो. तुमच्या १० गुंठ्यांचा पेंढा ३०० किलोच्या आसपास निघेल, २० गुंठ्यांच्या नाचणीचं काड ५०० किलोच्या आसपास. उरलेलं ४,००० किलो गवत कापून आणायचं आहे. डोक्यावरचा वाळला भारा १५ ते २० किलोचा, म्हणजे दोनशे ते पावणेतीनशे भारे. एक माणूस कापणी, वाळवणी आणि ओढ धरून दिवसाला आठ-दहा भारे उरकतो. दोघं लागलात तर बारा-पंधरा दिवस, तेही पावसानं साथ दिली तर. हे जमणारं नसेल तर आत्ताच गावात पेंढ्याचा सौदा करा किंवा एक जनावर कमी करा. एप्रिलमध्ये वैरण विकत घेणं परवडत नाही.

कापायचं कुठलं गवत? पवना, मारवेल, शेडा ही गोड गवतं, ती फुलोऱ्यात असताना कापा. बी पडल्यावर कापलेलं गवत दिसायला भरपूर, पण आत नुसती काडी. कुसळी गवत तर कुसळं कडक व्हायच्या आतच कापलं पाहिजे. नंतर ती गुरांच्या हिरड्यांत आणि जिभेत रुततात. आणि हे सगळं आपल्या मालकीच्या रानात. २०१० साली कोयना अभयारण्य आणि चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याची हद्द तुमच्या भागात कुठून जाते ते आधी वनरक्षकाला विचारा. आजोबा कापायचे म्हणून आपल्यालाही चालेल, असं आता राहिलेलं नाही. कारवीच्या काठ्यांचंही तेच.

गवत वाळलं का, हे वरून बघून कळत नाही. काडीवर नख ओढा. साल सुटून आली तर ओल आहे. मूठभर घेऊन पिळा. काड्या तुटल्या पाहिजेत, नुसत्या वाकता कामा नयेत. ओलं गवत रचलं तर गंजी आतून तापते. आधी बुरशी, मग काळपट-तपकिरी रंग आणि तंबाखूसारखा वास, आणि फार तापली तर आपोआप पेटते. रचल्यावर पहिले तीन आठवडे दर चार दिवसांनी लोखंडी पहार मध्यापर्यंत खुपसून पाव तास ठेवा. बाहेर काढल्यावर कोमट लागली तर ठीक. हातात धरवत नसेल तर गंजी मोडा, पण पाण्याच्या घागरी आणि आणखी एक माणूस जवळ ठेवूनच. आतल्या गवताला एकदम हवा लागली की तिथेच भडका उडू शकतो. गंजी घराला आणि गोठ्याला चिकटून कधीच नको.

गुरांकडे वळू. दव उतरेपर्यंत चरायला सोडू नये, कारण गवताच्या ओल्या टोकांवर जंतांच्या अळ्या चढलेल्या असतात. ऊन आलं की त्या खाली उतरतात. खाचराच्या कडेच्या साचलेल्या पाण्यावर तर गुरं अजिबात नकोत. तिथल्या गोगलगाईंमधून यकृतातले चपटे जंत पसरतात. जनावर खातंपितं पण खंगतं, शेण पातळ पडतं, जबड्याखाली पाणी भरल्यासारखी मऊ सूज येते. ही सूज दिसली की पशुवैद्याला दाखवा. साध्या जंतांचं औषध या जंतांवर चालेलच असं नाही, आणि गाभण जनावराला औषध विचारूनच द्यायचं. ओल्या खाचरातला पेंढा अर्धवट वाळवून घातला तरी हे जंत जातात, म्हणून पेंढाही कडकडीत हवा. लाळ्या-खुरकुताची लस याच सुमाराला गावोगावी देतात, ती चुकवू नका.

पाण्याचं म्हणाल तर सप्टेंबरात झरा फसवतो. खळखळ वाहतो म्हणून कुणी मोजत नाही. १५ लिटरची बादली धारेखाली धरा आणि भरायला किती सेकंद लागतात ते भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. ४५ सेकंद लागले तर मिनिटाला २० लिटर, दिवसाला २८,८०० लिटर. दर पंधरा दिवसांनी मोजा. मे महिन्यात तो दहाव्या हिश्शावर आला तरी नवल नाही, आणि टाकी केवढी बांधायची हे त्याच आकड्यांवरून ठरतं. झऱ्यावरून नळी आणली असेल आणि धार मधूनच बंद पडत असेल तर बहुतेक वेळा गाळ नसतो, चढाच्या जागी हवा अडकलेली असते. त्या उंचवट्यावर एक छोटी तोटी बसवली की हवा सोडता येते.

विहिरीत पावसाचं पाणी उतरलेलं असतं, तेव्हा ते निर्जंतुक करून मगच प्या. विहिरीचा व्यास २ मीटर आणि पाणी ३ मीटर खोल असेल तर ३.१४ × १ × १ × ३ म्हणजे ९.४२ घनमीटर, अर्थात ९,४२० लिटर. दर हजार लिटरला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे जवळपास २५ ग्रॅम. पावडर थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग बादलीत पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओता, खालचा चुना फेकून द्या. ती बादली दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. हे रात्री करा, सकाळी पाणी वापरा. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच खर्च होतं, तेव्हा आधी निवळू द्या. आणि उघड्या पिशवीत वर्षभर पडलेल्या पावडरीत दम उरलेला नसतो. नवी आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

ओढ्याला पूर यायचा थांबला, पण धार अजून आहे, असा मधला काळ साधारण हस्त सरताना येतो. तेव्हाच सिमेंटच्या रिकाम्या गोण्या माती-मुरूम भरून वनराई बंधारा घाला. गोण्या पाऊण भरा, गच्च भरल्या तर एकमेकीत बसत नाहीत. विटांसारखे सांधे मोडून रचा, तळाशी रुंदी उंचीच्या दुप्पट, आणि मधोमध एक गोणी कमी ठेवून सांडवा. आधी घातला तर हस्ताचा एक पाऊस तो घेऊन जातो, दिवाळीनंतर घातला तर अडवायला पाणीच नसतं.

जेवणाखाण्याची फार काळजी नको. काकडी, दोडका, ओला घेवडा, भारंगीची फुलं एवढं घराभोवतीच मिळतं. तांबडा भोपळा काढताना देठ चार बोटं ठेवा आणि सुंभाच्या शिंक्यात आढ्याला टांगा. देठ मोडला की तिथून सड सुरू होते.

जिवाला जपायच्या गोष्टी चारच. तीननंतर गडगडाट ऐकला की माळरान आणि एकटं झाड सोडून घर गाठा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ हे ॲप फोनवर ठेवा, पण रेंज नसताना कानांवरच भिस्त. गवत-भात कापताना आधी काठीनं चाळवा. फुरसं आणि घोणस याच दिवसांत भाऱ्याखाली असतात. रात्री जमिनीवर झोपू नका, खाटेवर मच्छरदाणी नीट खोचून झोपा. मण्यारीचा दंश बऱ्याचदा कळतही नाही, पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. अवयव हलू न देता १०८ ला फोन, आणि सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात असते ते आजच विचारून ठेवा. चौथं, पायाला जखम असेल तर खाचरात गमबुटाशिवाय उतरू नका. ताप आणि पोटऱ्यांत वेदना एकदम आल्या तर चिखलात काम केलंय हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. लेप्टोचा (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) संशय त्यांना लवकर येईल.

भात निघालं की खाचराची ओल चार-सहा दिवसच टिकते. त्याच ओलीवर पावटा, वाल किंवा हरभरा टाकायचा. मळणी उरकून मग पेरू म्हटलं तर बी वर येत नाही. म्हणून एक माणूस झोडणीला असताना दुसऱ्यानं पेरायला लागावं.

पश्चिमेच्या भिंतीला बांधलेली गवताची झड मात्र दसऱ्याच्या साफसफाईत काढून टाकू नका. चित्रा नक्षत्रातला एखादा वळवासारखा पाऊस आडवा येतो आणि नुकतीच सारवलेली भिंत एका संध्याकाळी ढासळते. चित्रा सरल्यावर, सलग आठ दिवस कोरडे गेले की काढा. त्यातलं काळं पडलेलं गवत वैरणीत मिसळू नका, गोठ्यात अंथरा.